गल्लीच्या रस्त्याचा पैसा: कुठून येतो, कुठे अडतो

“निधी नाही.” रस्त्याचा अर्ज घेऊन नगरपरिषदेत गेलेल्या माणसाला हे उत्तर ठरलेले. पुढच्याच महिन्यात चौकात कारंजे उभे राहते आणि अर्जदाराची खात्री पटते की आपल्या तोंडाला पाने पुसली. गंमत अशी की बहुतेक वेळा दोन्ही गोष्टी खऱ्या असतात. निधी खरेच नव्हता, आणि कारंज्याला पैसाही खरेच होता. फक्त तो पैसा गल्लीच्या रस्त्यावर घालता येत नव्हता.

पालिकेचा पैसा एका मोठ्या पोत्यात भरलेला नसतो. फडताळात जसे वेगवेगळे डबे असतात तसा तो असतो, आणि प्रत्येक डब्यावर चिठ्ठी असते: हा पाण्याचा, हा कचऱ्याचा, हा अमुक वस्तीचा, हा फक्त तमुक योजनेचा. कार्यालयाच्या भाषेत या चिठ्ठीला लेखाशीर्ष म्हणतात. “निधी आहे का?” याऐवजी “माझे काम कोणत्या लेखाशीर्षात बसते?” असे विचारले, तर समोरचा अभियंताही सावरून बसतो.

खाली बोलतो आहोत ते मुख्यतः महाराष्ट्रातल्या नगरपरिषदांबद्दल. त्या १९६५ च्या नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियमाने चालतात. लाखाच्या वर लोकसंख्या असली तर ‘अ’ वर्ग, चाळीस हजार ते एक लाख ‘ब’ आणि त्याखाली ‘क’. महानगरपालिकांचा कायदा वेगळा, १९४९ चा, आणि मुंबईचा तर १८८८ चा. पण पैशाची रीत बरीचशी सारखीच.

कोणत्या डब्यात काय

पहिला डबा पालिकेच्या स्वतःच्या उत्पन्नाचा: मालमत्ता कर, पाणीपट्टी, गाळ्यांचे भाडे, विकास शुल्क. हा सर्वांत मोकळा पैसा, आणि बहुतेक गावांत सर्वांत तोकडा. त्यातून आधी निवृत्तिवेतन, वीजबिल, पाणीयोजनेची दुरुस्ती, कचऱ्याचा ठेका भागवायचा. शिवाय दिव्यांग, महिला-बालकल्याण आणि दुर्बल घटकांसाठी ठरलेली टक्केवारी राखून ठेवायची. उरेल त्यात रस्ते. जिथे निम्मी घरपट्टी थकलेली असते तिथे काही उरत नाही, आणि थकबाकीदारांच्या यादीत बऱ्याचदा गावातली वजनदार नावेच वर असतात.

दुसरा डबा वित्त आयोगाचा. पंधराव्या वित्त आयोगाच्या २०२१-२२ ते २०२५-२६ या काळात दहा लाखांखालच्या शहरांना मिळालेल्या अनुदानातला ६० टक्के हिस्सा बंधित होता: निम्मा पिण्याच्या पाण्यासाठी, निम्मा स्वच्छता आणि घनकचऱ्यासाठी. उरलेला ४० टक्के अबंधित. रस्ता धरता येत होता तो या चाळीसमध्ये. पगारावर तो खर्च करता येत नव्हता, हे एका अर्थी रस्त्यांचे नशीबच. पण हे अनुदान हाती पडायला अटी होत्या. हिशेब ऑनलाइन प्रसिद्ध करायचे, मालमत्ता कराचा किमान दर अधिसूचित करायचा, वसुली वाढवायची. जी पालिका यात मागे पडते तिच्या रस्त्यांचा पैसा रस्ता खराब नाही म्हणून थांबत नाही, लेखा विभागाने कागद वेळेत टाकले नाहीत म्हणून थांबतो.

तिसरा गठ्ठा राज्याच्या योजनांचा. नगरोत्थान महाभियान (राज्यस्तर आणि जिल्हास्तर), रस्ता अनुदान, वैशिष्ट्यपूर्ण कामांसाठीचे विशेष अनुदान, अण्णाभाऊ साठे यांच्या नावाची नागरी वस्ती सुधारणा योजना, दलितेतर वस्ती सुधारणा योजना. चौकातले कारंजे बहुधा इथून आलेले असते. जिल्हास्तरावरचा पैसा जिल्हा नियोजन समितीतून येतो आणि तिचे अध्यक्ष पालकमंत्री असतात. त्यामुळे पालकमंत्री बदलले की कामांच्या यादीचा क्रमही बदलतो, हे उघड गुपित आहे.

या गठ्ठ्यातल्या बऱ्याच योजनांना एक काटा असतो, त्याचे नाव स्वहिस्सा. राज्य काही टक्के देते, उरलेले पालिकेने घालायचे. पालिका जितकी लहान तितका तिचा हिस्सा कमी ठेवलेला असतो, तरीही तिथेच गाडे अडते. नव्वद टक्के मंजूर झालेले काम दहा टक्क्यांपायी वर्षभर लटकलेले दिसले तर नवल वाटून घेऊ नका.

मग आमदार-खासदार निधी. महाराष्ट्रात आमदाराला वर्षाला ५ कोटी (ही वाढ २०२२ ची), खासदारालाही ५ कोटी. आपल्याकडे एका लोकसभा मतदारसंघात सहा विधानसभा मतदारसंघ बसतात, म्हणजे खासदार निधीतून एका विधानसभा क्षेत्राच्या वाट्याला सरासरी ८३ लाख. त्यात शहर एक आणि गावे शंभर. इथून पूर्ण रस्ता मिळण्याची आशा धरण्यापेक्षा राहिलेला तुकडा जोडून घेणे अधिक व्यवहार्य. आमदार-खासदार फक्त काम सुचवतात, मंजुरी जिल्हाधिकाऱ्यांची असते. म्हणून आमदारांच्या शिफारसपत्राचा फोटो म्हणजे मंजुरी नव्हे.

आधी हे बघा: रस्ता कोणाच्या नावावर आहे?

अर्ज फेटाळला जाण्याचे हे सर्वांत साधे आणि सर्वांत दुर्लक्षित कारण. गावातून जाणारा मोठा रस्ता बहुधा सार्वजनिक बांधकाम विभागाचा किंवा राष्ट्रीय महामार्गाचा असतो. औद्योगिक वसाहतीतला एमआयडीसीचा. त्यावर पालिकेने पैसा घातला तर लेखापरीक्षणात आक्षेप येतो, म्हणून मुख्याधिकारी हात लावत नाहीत.

त्याहून अवघड प्रकरण खासगी लेआउटचे. प्लॉट विकून विकासक निघून जातो, अंतर्गत रस्ते आणि खुली जागा पालिकेकडे रीतसर हस्तांतरित होत नाहीत. वीस वर्षे लोक घरपट्टी भरतात, पण कागदावर रस्ता अजून मूळ मालकाच्या नावावर. तसेच गुंठेवारीतल्या, म्हणजे परवानगीशिवाय गुंठा-गुंठा विकलेल्या जमिनीवरच्या, वसाहतींचे: नियमित न झालेल्या भागात विकासनिधी घालताना अधिकारी कचरतात. अशा ठिकाणी रस्त्याची मागणी करण्याआधी हस्तांतरणाची किंवा नियमितीकरणाची मागणी करावी लागते. काम कंटाळवाणे आहे, पण ते न करता दिलेले दहा अर्जही त्याच कपाटात पडतात.

तपासायचे कसे? पालिकेत रस्त्यांची नोंदवही असते. तिच्यात रस्त्याचे नाव किंवा क्रमांक, लांबी, रुंदी, पृष्ठभाग आणि शेवटचे काम कधी झाले याची नोंद हवी. नगररचना विभागात विकास आराखडा आणि मंजूर लेआउटची प्रत बघायला मिळते. या तिन्हींत रस्ता सापडला की अर्धे काम झाले.

समान वाटपाचा सापळा

आता यादी कशी बनते ते. एक गणित करू, आकडे मानलेले आहेत. ‘ब’ वर्गाची नगरपरिषद, २६ सदस्य. सगळा खर्च भागवून अंतर्गत रस्त्यांसाठी २ कोटी उरले. गावातले सर्वांत वाईट चार रस्ते निवडून ते पूर्ण करावेत हे शहाणपणाचे. पण सभागृहात प्रत्येकाला आपल्या प्रभागात काहीतरी दाखवायचे असते. मग २ कोटी भागिले २६, प्रत्येकी सुमारे ७ लाख ६९ हजार.

तीनशे मीटर लांब आणि सहा मीटर रुंद गल्लीचे नीट डांबरीकरण करायला सगळे कर धरून ४९ लाख लागतात असे धरा (हा आकडा कसा येतो ते पुढे आहेच). मग ७ लाख ६९ हजारांत किती होईल? ४७ मीटर. म्हणून तुमच्या गल्लीत नगरसेवकाच्या दारापासून चौथ्या घरापर्यंत रस्ता गुळगुळीत आणि पुढे खड्डे. यात भ्रष्टाचार असेलच असे नाही. नुसता भागाकार आहे.

या वाटपाला गावोगावी वेगळी नावे आहेत. पुण्यात नगरसेवकांनी सुचवलेल्या कामांच्या यादीला ‘स-यादी’ म्हणतात. इतरत्र नुसते ‘नगरसेवक निधी’. तुकड्यातुकड्याने केलेला रस्ता महागही पडतो: दर वेळी यंत्रे आणायची, दर वेळी सांधा राहतो आणि पाणी नेमके सांध्यातून शिरते. मोठे काम मुद्दाम लहान तुकड्यांत मोडण्यामागे दुसराही हेतू असू शकतो, ई-निविदेची किंवा वरच्या मंजुरीची मर्यादा टाळण्याचा. एकाच रस्त्याची ‘अमुक यांच्या घरापासून तमुक यांच्या घरापर्यंत’ अशी तीन कामे एकाच ठरावात दिसली तर ती शेजारी ठेवून वाचा.

यावर उपाय एकच, प्राधान्यक्रम आधी ठरवणे. रस्त्याची अवस्था, वाहतूक, शाळा-दवाखाना, पाणी तुंबणे यांना गुण द्यायचे आणि उतरत्या क्रमाने पैसा संपेपर्यंत जायचे. ही पद्धत सांगायला सोपी, सभागृहात पटवायला महाकठीण, कारण त्यात एखाद्या प्रभागाला एखाद्या वर्षी शून्य येते.

पुणे महापालिकेने २००६ पासून नागरिकांकडून थेट कामे मागवायची पद्धत ठेवली आहे. क्षेत्रीय कार्यालयात अर्ज द्यायचा, एका कामाची मर्यादा ५ लाख. एवढ्यात रस्ता होत नाही, पदपथाची दुरुस्ती, बाक, दिवे, एखादे चेंबर होते. तरी मागणीची लेखी नोंद राहते, हा फायदा थोडा नाही.

४९ लाख कसे झाले

तीनशे गुणिले सहा, १८०० चौरस मीटर. खालचा थर चांगला आहे असे धरू. वर ५० मिलिमीटर बीएम, म्हणजे जाड खडीचा डांबरी थर, आणि त्यावर ३० मिलिमीटर बीसी, ज्याला साइटवर सगळे ‘कारपेट’ म्हणतात. बीएमचे घनफळ ९० घनमीटर, वजन साधारण २०० टन. कारपेट ५४ घनमीटर, सुमारे १३० टन. म्हणजे सोळा टनांच्या वीस-एकवीस गाड्या. निव्वळ डांबर दोन्ही थरांत मिळून १४ टनांच्या आसपास. थर एकमेकांना चिकटावेत म्हणून मध्ये टॅक कोट, चौरस मीटरला पाव किलोच्या हिशेबाने एका थराला ४५० किलो.

या मापांना शासकीय दरसूचीचे दर लावले की मूळ रक्कम येते. समजा ती ४० लाख झाली. त्यावर १८ टक्के जीएसटी, ७ लाख २० हजार. स्थानिक संस्थांच्या कामांना पूर्वी हा दर १२ टक्के होता, जुलै २०२२ पासून १८ झाला. तेव्हा जुन्या अंदाजपत्रकांची बरीच मंजूर कामे यानेच तोट्यात गेली. पुढे १ टक्का कामगार कल्याण उपकर, ४० हजार. मग साहित्य चाचणी, विमा, त्रयस्थ तपासणी, किरकोळ खर्च. बेरीज ४९ लाखांजवळ जाते. “चाळीस लाखांचा रस्ता एकोणपन्नासला कसा” असे विचारण्याआधी गोषवारा मागून घ्या, त्यात हे सगळे एका पानावर असते.

हाच रस्ता १५० मिलिमीटर काँक्रीटचा करायचा तर २७० घनमीटर माल लागेल, सहा घनमीटरच्या मिक्सरच्या ४५ फेऱ्या. खर्च बराच वाढतो, आयुष्यही वाढते, पण एका अटीवर: खालच्या जलवाहिन्या आणि गटारे आधी बदललेली हवीत. मुंबईने २०२३ च्या सुमारास ३९७ किलोमीटर रस्त्यांच्या काँक्रीटीकरणाला सुमारे ६ हजार कोटींचे काम हाती घेतले. तेवढा खिसा असलेल्या महापालिकेलाही वाहिन्यांचा प्रश्न सुटत नाही, तर आठवड्यातून दोनदा पाणी सोडणाऱ्या नगरपरिषदेने नळजोडणीच्या आधी काँक्रीट ओतणे म्हणजे पुढच्या वर्षी ब्रेकर भाड्याने आणण्याची सोय.

अरुंद बोळांसाठी पेव्हर ब्लॉक बरे. खालची वाहिनी फुटली तर ब्लॉक काढून परत बसवता येतात. पादचाऱ्यांपुरत्या बोळाला ६० मिलिमीटर जाडी चालते. रिक्षा-टेम्पो जाणार असतील तर ८० हवी. दोन्ही कडांना काँक्रीटची पट्टी नसेल तर पहिल्याच पावसाळ्यात ब्लॉक बाजूला सरकू लागतात. अंदाजपत्रकात ही पट्टी आहे का, एवढे बघाच.

मान्यतांचा रस्ता

काम सुचले की कनिष्ठ अभियंता मोजणी करून अंदाजपत्रक बनवतो. सभेत ठराव होतो. मग दोन मान्यता लागतात आणि लोक त्यांची नेहमी गल्लत करतात. प्रशासकीय मान्यता म्हणजे ‘हे काम या पैशातून करायला हरकत नाही’. तांत्रिक मान्यता म्हणजे ‘आराखडा, मापे आणि दर बरोबर आहेत’. पहिली स्वतःच्या निधीला सभागृहाकडून, योजनेच्या निधीला जिल्हाधिकारी किंवा मंत्रालयाकडून. दुसरी कामाच्या रकमेनुसार पालिकेचा किंवा सार्वजनिक बांधकामसारख्या विभागाचा सक्षम अभियंता देतो. त्यानंतर ई-निविदा, तांत्रिक आणि आर्थिक लिफाफे, दरमंजुरी, करारनामा, कार्यारंभ आदेश.

शासन निर्णयात तुमच्या रस्त्याचे नाव छापून आले तरी पैसा आलेला नसतो. तो ‘बीडीएस’वर दिसला, म्हणजे कोषागाराच्या प्रणालीत वितरित झाला, की खरा. निर्णय ते वितरण यामध्ये महिने जातात. सरकार बदलले तर सरसकट स्थगितीही येते. गावातल्या ठरावालाही स्थगिती मिळू शकते: जिल्हाधिकाऱ्यांना कलम ३०८ खाली तो अधिकार आहे, आणि विरोधी गट त्याचा हमखास वापर करतो.

वर पंचांग आडवे येते. राज्याचा बराच पैसा मार्चच्या तोंडावर सुटतो. निविदेत दोन-तीन महिने, तोवर जून. पावसात डांबर टाकता येत नाही, ऑक्टोबर उजाडतो. मध्ये कुठली आचारसंहिता लागली तर कार्यारंभ आदेश थांबतो. म्हणजे यंदाच्या मार्चमध्ये मंजूर झालेला रस्ता दिवाळीनंतर झाला, तर तो बऱ्यापैकी वेळेवर झाला असे समजायचे.

‘बिलो’ टेंडर आणि उखडलेला रस्ता

४० लाखांच्या कामाला एखादा ठेकेदार २२ टक्के बिलो भरतो, म्हणजे ३१ लाख २० हजारांत करून देतो म्हणतो. पालिकेचे ८ लाख ८० हजार वाचले, वर्तमानपत्रात बातमी. पण दरसूचीतला ठेकेदाराचा नफा त्याहून बराच कमी असतो, मग उरलेले कुठून काढणार? फार कमी दराला अतिरिक्त अनामत घ्यायची तरतूद असते ती याचसाठी. अनामत घेतली की धोका संपला असे मात्र नाही.

बचत कुठे होते ते आधीच्या मापांवरून दिसते. कारपेट ३० ऐवजी २५ मिलिमीटर टाकले तर ९ घनमीटर, म्हणजे २१-२२ टन माल वाचतो, सव्वा गाडीपेक्षा जास्त. वरून बघून पाच मिलिमीटरचा फरक कोणालाही कळत नाही. डांबराचे प्रमाण अर्ध्या टक्क्याने उतरवले तर आणखी पैसे. टॅक कोट झाडूने शिंपडल्यासारखा केला तर वरचा थर पापडासारखा सुटतो. पहिल्या पावसात भाकरीएवढे तुकडे निघालेले दिसतात ते बहुधा याचे.

दुसरे कारण तापमान. नेहमीच्या व्हीजी-३० डांबराचा माल प्लांटवरून १५० ते १६५ अंशांना निघतो. पसरताना तो १४० च्या खाली गेलेला नसावा आणि रोलर ९० च्या वर असतानाच संपला पाहिजे. प्लांट साठ किलोमीटर दूर, गाडीवर ताडपत्री नाही, गल्लीत शिरताना तासभर खोळंबा. मग माल कितीही चांगला असो, दाबला जात नाही, आत पोकळ्या राहतात. साइटवर मालात खुपसायचा साधा थर्मामीटर असतो. तो आहे का हे विचारणे कोणालाही जमते.

तिसरे आणि सर्वांत मोठे कारण पाणी. जोरदार पावसाच्या भागात डांबरी रस्त्याला मध्यापासून कडेकडे अडीच टक्के उतार हवा. सहा मीटरच्या रस्त्यात मध्यभाग कडेपेक्षा ७५ मिलिमीटर उंच, साधारण चार बोटे. तो काढला नाही, किंवा काढला पण कडेला गटारच नाही, तर पाणी रस्त्यावरच उभे राहते. तरी गटार हे वेगळे लेखाशीर्ष, वेगळा ठेकेदार आणि बऱ्याचदा वेगळे वर्ष. आमच्या मते रस्त्याच्या अंदाजपत्रकात गटार नसेल तर सभागृहाने ते परतच पाठवावे. शंभर मीटर कमी करा, पण गटारासकट करा.

थरावर थर चढवण्याचेही तेच. जुना पृष्ठभाग खरवडून न काढता दर पाच वर्षांनी कारपेट टाकत गेले की रस्ता उंबऱ्याच्या वर येतो आणि पावसाळ्यात घरे खड्ड्यात. खरवडण्याची बाब अंदाजपत्रकात असते, त्याचे बिलही निघते. यंत्र आले होते का, हे मात्र गल्लीलाच ठाऊक.

काँक्रीटच्या चुका वेगळ्या. ओतल्यापासून काही तासांत, रात्रभरात, सांधे कापावे लागतात, जाडीच्या पाव ते एक तृतीयांश खोलीपर्यंत. १५० मिलिमीटरला ४० ते ५०. कटर दुसऱ्या दिवशी दुपारी आला तर काँक्रीट स्वतःच्या मनाने तडे पाडून मोकळे झालेले असते. पुढे किमान चौदा दिवस ओले ठेवायचे. टंचाईत टँकर परवडत नाही म्हणून हे पाणी चुकते आणि वरचा पापुद्रा धूळ होऊन उडतो.

दोषदायित्व कालावधी हा शब्द लक्षात ठेवा. करारात लिहिलेल्या मुदतीत, जी डांबराला कमी आणि काँक्रीटला जास्त असते, रस्ता खराब झाला तर ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्त करायचा. त्यासाठी त्याची सुरक्षा ठेव पालिकेकडे असते. मुदत संपायच्या आत लेखी तक्रार नसेल तर ठेव परत जाते आणि खड्डे पुन्हा पालिकेच्या खर्चाने बुजतात. मुदतीतल्याच रस्त्यावर नवीन काम सुचवले गेले असेल तर हरकत घ्या.

वस्ती सुधारणा: रस्त्यापेक्षा क्रम महत्त्वाचा

वस्ती सुधारण्याच्या योजनांत आधी वस्ती कागदावर असावी लागते. झोपडपट्टी असेल तर १९७१ च्या कायद्याखाली ती घोषित आहे का, अनुसूचित जाती-नवबौद्ध वस्ती असेल तर पालिकेच्या यादीत तिची नोंद आणि लोकसंख्या आहे का. नोंद नसलेल्या वस्तीला निधी मिळत नाही, आणि नोंद जुनी असेल तर तिसऱ्याच गल्लीत काम होऊन खर्च या वस्तीच्या नावे पडतो. हा गैरप्रकार लेखापरीक्षणात वारंवार सापडतो, म्हणून ठरावातले ‘अमुक वस्ती’ आणि साइटवरची जागा जुळवून पाहावी.

योजनेच्या पैशातून सर्वांत आधी कमान, सभामंडप आणि पेव्हर ब्लॉक होतात, कारण ते दिसतात आणि झटपट मोजता येतात. खरा क्रम उलटा: जलवाहिनी, सांडपाणी, शौचालय, पावसाळी गटार, विजेचे खांब हलवणे आणि शेवटी फरशी. रस्ता शेवटी येतो म्हणून त्याला उशीर होतो, आणि निवडणूक आधी आली तर तो पहिला होतो.

अर्जात काय लिहावे

“रस्ता फार खराब आहे, त्वरित लक्ष द्यावे” हा अर्ज वाचला जात नाही. लिहा: रस्त्याचे नाव किंवा नोंदवहीतला क्रमांक, कुठून कुठे, टेपने मोजलेली लांबी-रुंदी, सध्याचा पृष्ठभाग, शेवटचे काम कोणत्या वर्षी, पाणी कुठे तुंबते, किती घरे, शाळा किंवा अंगणवाडी आहे का, खालून कोणत्या वाहिन्या जातात. दोन फोटो, एक पावसातला. आणि एक ओळ: “हे काम कोणत्या लेखाशीर्षाखाली प्रस्तावित करता येईल ते कळवावे.” प्रत मुख्याधिकारी, बांधकाम विभाग आणि प्रभागातल्या दोन्ही सदस्यांना, आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. वेळ सप्टेंबर ते डिसेंबर, कारण पालिकेच्या वार्षिक अंदाजपत्रकाची जुळवाजुळव तेव्हा सुरू होते. फेब्रुवारीत विशेष सभा बसते तेव्हा यादी बहुतेक झालेली असते, आणि एप्रिलमधला अर्ज सरळ पुढच्या वर्षात जातो.

काम सुरू झाल्यावर चार कागद पुरतात: अंदाजपत्रकाची प्रत, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिकेची पाने आणि त्रयस्थ तपासणीचा अहवाल. माहितीच्या अधिकारात १० रुपयांचा अर्ज, उत्तराची मुदत तीस दिवस. या कायद्यात फक्त कागदच नव्हे, कामाची पाहणी करण्याचा आणि साहित्याचा प्रमाणित नमुना घेण्याचाही अधिकार आहे. तो फार थोडे लोक वापरतात. कागद नुसते बघायचे असतील तर पाहणीचा पहिला तास फुकट.

मोजमाप पुस्तिकेत सर्वांत आधी खालच्या थरांच्या तारखा बघा. खडीकरण, बीएम आणि कारपेट या तिन्हींची मोजमापे एकाच दिवशी घेतलेली असतील, तर खालचे दोन थर झाकले गेल्यावर मोजले, किंवा मोजलेच नाहीत. मग थराची जाडी तपासण्यासाठी कोअर, म्हणजे रस्त्यातून आरपार कापलेला गोल नमुना, काढण्याची लेखी मागणी करा, आणि तो कुठे काढायचा ते ठेकेदाराला ठरवू देऊ नका. गल्लीच्या टोकापासून साठ, दीडशे आणि अडीचशे मीटरवर, एक डाव्या कडेला, एक मध्यात, एक उजव्या कडेला.